डिकीतला उलटा चिमटा

मित्रांनो, जुना आहे मी, चिमटाच आहे, पण उलटा. साधा चिमटा दाबला की मिटतो. मला दाबलं की मी उघडतो, आणि सोडलं की असा मिटतो की बोलायची सोय नाही. एकदा माझ्या तोंडातली केसाएवढी तार सोडवायला दोन पहिलवान आणले होते. त्यातला एक अजून हात चोळतोय. डासाच्या पायातला काटासुद्धा मी काढलाय. तो डास त्यानंतर आमच्या घरात कुणाला चावला नाही. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

माझी मालकीण कवळ्या बनवायची. तिच्या हाताखाली मी निम्म्या गावाचे दात चाचपले. मग तिनं काम सोडलं आणि मला वाटलं, झालं, आता खणात गंजायचं. पण एक दिवस टेबलावर भलं मोठं खोकं आलं. आत एका गाडीचे शेकडो सुटे भाग. मोहरीएवढे स्क्रू, बांगडीएवढे टायर. सगळं जोडलं की उशीएवढी लांब टॅक्सी होणार होती.

ही टॅक्सी होती तिच्या मोठ्या भावासाठी. दादा जन्मभर असलीच टॅक्सी चालवायचा. डोळे गेले, गाडी विकावी लागली, आणि तेव्हापासून कुणी गाडीचं नाव काढलं की तो उठून आत जायचा. मालकिणीनं ठरवलं, त्याची गाडी त्याच्या हातात द्यायची, बोटांनी बघेल.

"एक भाग जरी चुकला ना, तरी तो बाजूला सारेल," ती नवऱ्याला म्हणायची. "मग परत हात लावायचा नाही."

तिची ही धास्ती बोटांतून माझ्यात उतरायची. तरी मला उचलताना म्हणायची, "हा आहे म्हणून माझं चाललंय." मी फुगायचो. फुगलेल्या चिमट्याचं काय होतं ते ऐका.

डिकीत मागच्या दिव्याची तार चिकटवायची होती. तिनं गोंद लावला, तार माझ्या तोंडात दिली आणि गोंद सुकेपर्यंत मला तसाच ठेवून दिला. नेहमीचीच पद्धत. तेवढ्यात फोन आला, दादा उद्याच येतोय. झाली घाई. तिनं वरची बॉडी बसवली, कडेनं चिकटवली. आणि मी आत.

"अहो, माझा चिमटा पाहिलात का?"

"मी काय त्यानं भुवया कोरतो?" नवरा म्हणाला.

त्यांनी टेबलाखाली शोधलं, केरात शोधलं. मी घामाघूम. चिमट्याला तोंड असून ओरडता येत नाही. आणि ओरडून तरी काय? वाजलो तर रंगवलेली बॉडी कापावी लागणार, दादा तर उद्यावर. गप्प राहिलो तर जन्मभर अंधार. मी तार घट्ट धरून बसलो.

दादा आला. मालकिणीनं गाडी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली, ठेवताना ती कलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी पकड सुटली. खडखड खडखड. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मालकिणीचा चेहरा उतरला. "दादा, दे इकडे. आत काहीतरी सुटलंय."

"थांब, बारके." त्यानं गाडी डावीकडे कलवली. खड. उजवीकडे कलवली. खड. "डिकीत पाना ठेवलास?"

तिनं हत्यारांच्या पिशवीतल्या माझ्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "पाना नाही रे. माझा चिमटा राहिला आत. कापून काढते, रंग परत देईन."

"हात लावू नकोस. माझा पाना प्रत्येक वळणावर असाच वाजायचा. लोक म्हणायचे, गाडीचं काहीतरी पडतंय. मी म्हणायचो, पडलं तर तुमचं, नाहीतर माझं."

मग त्याची बोटं गाडीवरून सावकाश फिरली. दारं, दिवे, चाकं.

"आरसा माझा जरा बाहेर होता," तो म्हणाला. "बाकी बरं जमलंय."

आता मी दादाकडे असतो. मालकिणीनं नवा चिमटा घेतला म्हणे. सरळ आहे. असो. रोज सकाळी दादा टेबलावर गाडी फिरवतो, कपाला वळसा घालतो, आणि मी पाना होऊन वाजतो. त्याला उठायला जरा उशीर झाला की माझा जीव टांगणीला लागतो. विसरला तर नाही?

मित्रांनो, कुठलंही झाकण लावण्याआधी आपली हत्यारं मोजा. मोजायचं राहिलंच, तर निदान गाडी रोज एकदा वळवत जा. आत कुणीतरी वळणाची वाट बघत असतं.