चाळीस मिनिटं आधीची घंटा

चपलांच्या रिकाम्या खोक्यात एक्केचाळीस चिठ्ठ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीतही कुजबुज नव्हती.

कुजबुज म्हणजे ती. आठवीच्या सुरुवातीला हजेरीत तिने दिलेलं "हजर" वर्गाच्या बाईंना ऐकूच गेलं नाही. ओळीने तीन दिवस गैरहजेरी लागली आणि हे नाव चिकटलं ते चिकटलंच. यंदा दहावीत मात्र काय झालं कोण जाणे, तिचा आवाज उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा आला आणि जायचं नावच घेईना. निरोप समारंभात खोका कोण वाचणार, असं बाईंनी विचारल्यावर सगळ्यांत आधी तिचा हात वर गेला. वर गेलाय हे तिला नंतर कळलं.

खोक्याची रीत जुनी होती. शाळा सोडणाऱ्या वर्गाने आपापली एक आठवण चिठ्ठीवर लिहायची, खाली नाव घालायचं नाही. एकाने त्या सगळ्या स्टेजवरून वाचायच्या, एकही गाळायची नाही. वाचणाऱ्याची आठवण शेवटी, तोंडी.

आदल्या दिवशी दुपारी तिने आईच्या शिवणाच्या टेबलावर चिठ्ठ्यांचे ढीग लावले. सहलीच्या बसमध्ये शिडीला झालेली उलटी, सात. शिडी म्हणजे तिच्या बाकावरची मैत्रीण, उंचीवरून पडलेलं नाव. प्रयोगशाळेत पेटलेला पडदा, पाच. किरकोळ, दहा. उरलेल्या एकोणीस चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट होती: आठवीतली ती घंटा.

"कसली गं घंटा?" आईने ओठांतल्या टाचण्या न काढता विचारलं.

"तुला माहीत नाही?" दादा उडालाच. तो तेव्हा त्याच शाळेत दहावीत होता. "शिपाईकाकांनी एक अख्खा तास आधी शाळा सोडली होती. शेवटच्या तासाला गणिताची चाचणी होती आमची. सर प्रश्नपत्रिका हातात धरून वर्गात उभे आणि आम्ही फाटकाबाहेर. मी काकांना मिठी मारली होती दुसऱ्या दिवशी."

"चुकीच्या माणसाला मारलीस," कुजबुज म्हणाली.

आणि दोन वर्षं पोटात ठेवलेलं तिने तिथेच, कापडाच्या चिंध्यांमध्ये बसून ओकून टाकलं. त्या दिवशी तिचा पाय मुरगळला होता, म्हणून ती खेळाच्या तासाला मैदानावर न जाता व्हरांड्यातल्या बाकावर गोष्टीचं पुस्तक वाचत बसली होती. काकांना फायली घेऊन दुसऱ्या इमारतीत जायचं होतं. ते म्हणाले, "मला उशीर झालाच तर सहा वीसला शाळा सुटायची घंटा दे, बाळ." ती पुस्तकात बुडाली. मधेच दचकून वर पाहिलं तर समोर सहा वीस. धडपडत, लंगडत उठली आणि दिले टोले.

पण तिच्या समोर घड्याळ नव्हतंच. घड्याळ होतं पाठीमागच्या भिंतीवर. समोर होतं ढाली आणि करंडक ठेवलेलं काचेचं कपाट, आणि त्या काचेत घड्याळ उलटं दिसत होतं. घड्याळावर आकडे नाहीत, नुसत्या रेघा. खरे वाजले होते पाच चाळीस.

आईने टाचण्या काढल्या. हसताना गिळल्या जातील म्हणून. "आणि बोलणी त्या बिचाऱ्या काकांनी खाल्ली?"

"विद्यार्थिनीच्या हातात घंटा दिली म्हटलं तर जास्त ओरडा बसला असता, म्हणून ते म्हणाले मीच दिली. मी तोंड उघडायला गेले, पण तेव्हा माझ्या तोंडातून काय यायचं, तुला माहितीये."

"मग आता सांग की."

"सांगणारच आहे," ती म्हणाली. काकांची बाजू मांडायची होती, हे खरंच. पण त्याहून खरं असं, की तीन वर्षं एका वर्गात काढून एक्केचाळीस जणांना तिची एकही आठवण नव्हती. उलट्या करून शिडीने सात चिठ्ठ्या मिळवल्या होत्या. आणि वर्गाची सगळ्यांत लाडकी आठवण तिची, स्वतःची, आणि कुणाला पत्ताच नाही. हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समारंभाआधी ती हॉलमध्ये गेली तेव्हा काका खुर्च्या पुसत होते.

"काका, ती दोन वर्षांपूर्वीची घंटा मी दिली होती, हे मी आज सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुमच्यावरचा डाग जाईल."

काकांनी खुर्ची खाली ठेवली. "कसला डाग?"

"मुख्याध्यापिकाबाई तुम्हाला बोलल्या नव्हत्या का?"

"बोलल्या की. दहा मिनिटं बोलल्या." काकांनी फडकं खांद्यावर टाकलं. "आणि त्यानंतर दोन वर्षं पाचवीची पोरं येतात माझ्याकडे. काका, ते तुम्हीच ना, म्हणून विचारतात. ज्यांचा तेव्हा शाळेत जन्मही नव्हता अशी पोरं. मी त्यांना सांगतो, वरच्या वर्गाला गणिताची चाचणी होती, लेकरांचे चेहरे बघवेनात, तेव्हा म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते."

"पण तसं झालं नव्हतं."

"ते मला ठाऊक, तुला ठाऊक. तिसऱ्याला कशाला त्रास?"

"आईला आणि दादाला सांगितलं मी काल."

"त्यांचं मी बघतो." मग ते जरा घुटमळले. "माझी नात येतेय यंदा पाचवीत. तिला सांगून ठेवलंय, शाळेत तुझ्या आजोबांना विचारतात म्हणून." त्यांनी पुसलेलीच खुर्ची पुन्हा पुसायला घेतली. "पण सांग तू. तुझी घंटा, तुझा हक्क. मी काही म्हणणार नाही."

असं म्हणून जो माणूस काही म्हणत नाही, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

हॉल गच्च भरला. कुजबुजचा आवाज पहिल्याच चिठ्ठीला मागच्या भिंतीवर आपटून परत आला आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागली. सातव्या उलटीला शिडीने उठून सगळ्यांना नमस्कार केला. मग घंटेच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. पहिलीला हशा, चौथीला टाळ्या, दहावीपर्यंत सगळा हॉल माना वळवून दारात उभ्या काकांकडे बघत होता. गणिताचे सर म्हणाले, "त्या प्रश्नपत्रिका अजून आहेत माझ्याकडे," आणि दहावीच्या वर्गाने एका सुरात "ठेवा, ठेवा" म्हटलं.

एकोणिसावी संपली. आता तिची.

"मीच" हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. तिने दाराकडे पाहिलं. काका दाराची कडी फडक्याने घासत होते. त्या कडीला घासण्यासारखं काही नव्हतं.

"माझी आठवणही तीच," ती म्हणाली. "विसावी. पण तुम्ही सगळे वर्गात किंवा मैदानावर होतात. मी तिथे होते, घंटेपासून चार पावलांवर."

आणि ती सांगत सुटली. व्हरांडा कसा सुनसान होता. काका कसे येऊन घंटेखाली थांबले. लाकडी हातोडा दिसतो त्याहून दुप्पट जड असतो, घामेजल्या हातातून सटकतो, तो दोन्ही हातांनी धरावा लागतो. पहिला टोला पडला की कोपरापर्यंत मुंग्या येतात, आणि पाठोपाठ सातशे बाकं एकदम सरकल्याचा आवाज येतो, की वाटतं, बाप रे, हे आपण केलं.

"म्हणजे काकांनी," ती घाईने म्हणाली. "पाच टोले दिले त्यांनी."

"आठ," दारातून आवाज आला.

"आठ. माझं गणित तेव्हाही कच्चंच होतं."

हॉल कोसळला. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. काका छाती पुढे काढून उभे होते, इतके की सदऱ्याचं बटण तुटेल की काय असं वाटत होतं. फक्त तिसऱ्या रांगेत शिडी हसायची थांबली होती. तोंड उघडं टाकून ती स्टेजकडे बघत होती.

समारंभ संपल्यावर तिने कुजबुजला जिन्यात गाठलं. "हातोडा जड असतो, हे गं तुला कसं माहीत?"

"काकांनी सांगितलं."

"आणि कोपरापर्यंत मुंग्या?"

"त्याही काकांनीच."

"खोटारडे," शिडी म्हणाली आणि तिला असा चिमटा काढला की ती कळवळली. "मला नाही सांगितलंस. तीन वर्षं एका बाकावर."

पण पुढचं बोलायला सवडच मिळाली नाही. नववीची पाच-सहा मुलं जिना अडवून उभी राहिली, त्यांच्यामागे आणखी कुणी कुणी. घंटेची गोष्ट परत सांग म्हणाली, पहिल्यापासून, आम्हाला मागे बसून नीट दिसलं नाही. कुजबुज तिथेच पायरीवर बसली. शिडी शेजारी बसून मुकाट ऐकायला लागली. चौथ्यांदा सांगून झाली तेव्हा टोले बारा झाले होते, आणि खुर्च्या उचलता उचलता काका मान हलवून त्याला दुजोरा देत होते.