मला कपाट म्हणू नका

मी डिशवॉशर आहे. जुना आहे, पण निकामी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, तुमच्या घरी ओट्याखाली माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याचं दार उघडून बघा. आत भांडी धुतली जात असतील तर छानच. पण आत दह्याचे रिकामे डबे, मोदकपात्र आणि पिशवीत कोंबलेल्या पिशव्या असतील, तर माझी गोष्ट त्याच्याजवळ बसून मोठ्यानं वाचा. त्यालाही ऐकू जाऊ दे.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. माझं दार पत्र्याचं आहे आणि पोट प्लास्टिकचं. होय, प्लास्टिकचं. त्याची मला लाज वाटत नाही. का वाटत नाही, ते पुढे सांगतो.

नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलमध्ये, एका तळ्याकाठच्या नव्या घरात मला बसवलं. ते घर मनोहरकाका आणि सुनेत्राकाकूंनी घेतलं. काका प्लास्टिकच्या कारखान्यात इंजिनियर होते. डबे, नळ्या, रबरी पट्ट्या यांतच त्यांचा जन्म गेला. काकू एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायच्या. गृहप्रवेशाच्या दिवशी पाहुणे जेवून उठले आणि काकांनी मोठ्या हौसेनं मला भांड्यांनी भरलं. मग साबणाच्या कप्प्यात त्यांनी हातानं भांडी घासायचा पातळ साबण ओतला, तोही काठोकाठ. मला वेगळी पावडर लागते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. थोड्याच वेळात माझ्या दाराच्या फटींतून फेस बाहेर पडू लागला. तो स्वयंपाकघरभर पसरला आणि देवापुढच्या रांगोळीपर्यंत पोचला. पाहुणे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पातेल्यांनी फेस उपसत होते.

"मशीन बेकार आहे," काका म्हणाले. तेवढ्यावरच माझा निकाल लागला. साबणाला कुणी काही बोललं नाही, ओतणाऱ्यालाही नाही. शिक्षा मला झाली. मी कपाट झालो.

वीसेक वर्षं मी कपाट होतो. हातानं घासलेली भांडी निथळायला माझ्यात ठेवत. दर रविवारी चहाला दिगंबरकाका येत. ते मूळचे नागपूरचे, आता निवृत्त झालेले डॉक्टर. त्यांना प्रत्येक शोधाबद्दल मत होतं. मायक्रोवेव्हमध्ये अन्नाचं सत्त्व जातं म्हणत आणि त्यातलाच चहा पीत. फोनमुळे डोकं शिणतं, हेही ते फोनवर वाचूनच सांगत. माझ्याबद्दल त्यांचं मत असं, की हे मशीन पाणी फार पितं. ते हे सांगत असताना माझ्या शेजारच्या सिंकमध्ये नळ धो धो वाहत असे. मला तोंड असतं तर मी काय बोललो असतो, ते इथे लिहीत नाही. तुम्ही लहान आहात.

पण खरा अपमान पुढेच आहे. घरी चाळीस माणसं जेवायला आली, की प्रश्न निघे, भांडी कोण घासत बसणार? मग फेकायच्या थर्मोकोलच्या, म्हणजे फुगवलेल्या प्लास्टिकच्याच, प्लेट्स यायच्या. गुलाबी कमळ छापलेल्या. अर्ध्या तासाचं जेवण झालं की त्या कचऱ्यात जायच्या. आणि मित्रांनो, उरलेल्या प्लेट्सचे पुडे ते कुठे ठेवत? माझ्या पोटात.

गेल्या वर्षी गणपतीच्या जेवणानंतर कचऱ्याची टोपली भरून वाहिली, म्हणून दोन काळ्या पिशव्या घराबाहेर भिंतीला टेकवून ठेवल्या. समुद्राकडून वादळ येणार हे टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं होतं. पिशव्यांचा विचार कुणी केला नाही. सकाळी काकू खिडकीशी आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. तळ्यावर गुलाबी कमळं तरंगत होती. काही काठाच्या गवतात अडकली होती, आणि एक बगळा त्यांतल्या एका प्लेटचे तुकडे चोचीनं उडवत होता.

काकू पानं ओढायचं दाताळं घेऊन खाली गेल्या. दुपारपर्यंत त्या चिखलात उभं राहून प्लेट्स ओढत होत्या. शेजारीपाजारी फिरायला बाहेर पडले होते. कुणी विचारलं नाही आणि काकूंनी सांगितलं नाही. अशी कमळं छापलेल्या प्लेट्स त्या गल्लीत एकाच घरी येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी त्या काकांना म्हणाल्या, "पुढच्या गणपतीला या घरात एकही फेकायची प्लेट येणार नाही. आली तर मी कुणाला जेवायला बोलावणार नाही."

काकांना ते लागलं. आयुष्यभराच्या कामावरच कुणी थुंकल्यासारखं त्यांना झालं. सलाईनची नळी कशाची असते, रक्ताची पिशवी कशाची असते, हे त्यांनी एकामागून एक सांगितलं. शेवटी म्हणाले, "दोष प्लास्टिकचा नाही, सुनेत्रा. वापरणाऱ्याचा आहे."

काकूंनी माझं दार उघडलं. आतले प्लेट्सचे पुडे एकेक करून ओट्यावर मांडले.

"बरं. मग या मशीनचा काय दोष होता हो? साबण तुम्ही ओतलात."

वीस वर्षांत माझी बाजू पहिल्यांदाच कुणी मांडली होती.

काकूंनी माझं पोट रिकामं केलं. व्हिनेगर घालून धुतलं, योग्य पावडर आणली, आणि एका सकाळी बटण दाबलं. मी घरघरलो, खोकलो आणि चालू झालो. खालच्या कोपऱ्यातून थेंब गळले तेवढेच. यंदाचा गणपती जवळ आला तशी काकूंनी ओळखीच्या घरांतून स्टीलची ताटं मागितली. गॅरेजमधल्या खोक्यांत ती कधीची पडून होती. प्रत्येकावर कुणाचं तरी नाव कोरलेलं. तरी चाळीस काही भरली नाहीत. काकू म्हणाल्या, दोन पंगती करू. पहिली उठली की ताटं मशीनमध्ये घालायची, मग दुसरी बसवायची.

आणि त्याच आठवड्यात यतीनचा फोन आला. हा त्यांचा मुलगा, दूर चँडलर शहरात कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. त्यानं आईसाठी नवा डिशवॉशर मागवला होता. गणपतीनंतरच्या सोमवारी माणसं येऊन मला उचलून नेणार होती.

"आई, नवीन मशीन स्मार्ट आहे. भांडी झाली की फोनवर मेसेज करतं."

"मेसेज करणारे मला पुष्कळ आहेत," काकू म्हणाल्या. "धुणारं हवंय."

तो हसला आणि ऑर्डर तशीच राहिली. म्हणजे माझ्या हातात गणपतीच्या जेवणाचा एकच रविवार होता.

त्या रविवारी पहिली पंगत उठली. वरणभात, अळूची भाजी, मोदकाचं तूप, सगळं ताटांना चिकटलेलं. लोकांनी ताटं खरवडून आणून दिली, काकूंनी रचली, दार लावलं. दुसरी पंगत भुकेली उभी होती. मी पाणी ओढलं आणि फवारे सोडले. इतक्या वर्षांनी पोटात खरकटं आलं होतं, मला काय वाटलं ते सांगता येणार नाही.

आणि खालून पाणी गळू लागलं. थेंब नव्हेत, धार. माझ्या दाराची रबरी पट्टी वर्षानुवर्षं कोरडी राहून ताठरली होती. रेणू, पुढच्या गल्लीतली आयटीतली मुलगी, घाईनं टॉवेल घेऊन आली. "काकू, टेन्शन नका घेऊ, मी गाडीत बॅकअप आणलाय," असं हळूच म्हणाली. काका तोवर बाहेर जाऊन तिच्या गाडीतून पुडा घेऊन आलेसुद्धा. गुलाबी कमळांचा पुडा.

काकूंनी पुड्याकडे बघितलं. मग त्या वळल्या, माझ्या दाराला पाठ लावून खाली बसल्या, नव्या साडीसकट, आणि दोन्ही पाय समोरच्या कपाटाला रोवून रेटा दिला. धार थांबली.

"अगं, किती वेळ बसशील अशी?" काकांनी विचारलं.

"होईस्तोवर. तो पुडा फोडायचा नाही."

माझ्या पोटात ताटं खणखणत होती. काकूंची पाठ माझ्या गरम दाराला टेकली होती आणि मला वाटलं, आता जे फुटायचं ते फुटो, मी थांबणार नाही.

काका खाली वाकले. त्यांनी कोपऱ्यातल्या पट्टीवरून बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "पट्टी वाळलीय नुसती," ते पुटपुटले. "माझ्याच धंद्यातली वस्तू." पुडा जमिनीवर ठेवून तेही शेजारी बसले आणि आपली पाठ लावली.

दिगंबरकाका दारातून म्हणाले, "दोन माणसं धरून बसल्यावर चालणारं मशीन. हेच का ते विज्ञान?"

"डॉक्टर, तुम्ही आरती म्हणा," काकू म्हणाल्या. "मत नंतर द्या."

सगळे हसले आणि आरती सुरू झाली. एक संपली की दुसरी, लहान मुलं भुकेनं कुरकुरत होती तरी. शेवटी मी थांबलो. काकूंनी दार उघडलं. वाफ वर गेली. ताटांवरची नावं लख्ख वाचता येत होती. दुसरी पंगत गरम ताटांत जेवली, आणि पुडा न फोडता रेणूच्या गाडीत परत गेला.

सोमवारी माणसं आली तेव्हा मनोहरकाका माझ्यासमोर गुडघ्यांवर होते. हातात नवी रबरी पट्टी. त्यांनी ती माझ्या चौकटीच्या खाचेत अंगठ्यानं दाबत दाबत बसवली, कोपरा चुकला तर काढून पुन्हा. यतीनला काय सांगायचं ते मी सांगतो, असं म्हणून त्यांनी नवं मशीन परत पाठवलं.

आता ऐका, मला लाज का वाटत नाही. माझं पोट प्लास्टिकचं आहे आणि ते इतकी वर्षं जागच्या जागी आहे. माझी नवी पट्टीही तशीच राहील. जी वस्तू शंभर वर्षं टिकते, ती अर्ध्या तासासाठी वापरून फेकणाऱ्यांनी लाजावं. मला म्हातारा म्हणून जपू नका, माझ्यावर रुमाल घालू नका, मला आठवणीत ठेवू नका. मला खरकटी ताटं द्या.

आणि दार लावताना जरा रेटून लावा. मी आतून धरून आहेच.