मुक्कामी गाडी

"कोन्तं गाव आलं?" किसनरावांनी पलंगावरून विचारलं.

चतुराबाई मागच्या काचेवर रजई बांधत होत्या. सुतळीचं टोक दातांत धरूनच त्या म्हणाल्या, "अंजनगाव सुर्जी."

"हं. मंग टाइम हाये अजून." त्यांनी समाधानानं मान हलवली आणि पाय वर घेतले.

गाडी अंजनगावात नव्हती. ती अमरावतीतच, भातकुली रोडवरच्या त्यांच्या घराच्या अंगणात, कडुनिंबाखाली उभी होती. गेल्या तीन वर्षांत ती जागची हलली नव्हती. त्यांच्या मुलानं, नितेशनं, ती मोठ्या हौसेनं बांधून घेतली होती. आत निजायला पलंग, भिंतीला लागलेलं घडीचं टेबल, इवलंसं बेसिन, खिडक्यांना निळे पडदे. चिखलदऱ्याला फिरायला येणाऱ्यांना कॅम्पर व्हॅन भाड्यानं द्यायची, असा त्याचा बेत होता. दोन हिवाळे गिऱ्हाईक आलं, पुढे येईनासं झालं. नितेशनं पुण्यात नोकरी धरली आणि जाताना गाडीची बॅटरी काढून घरात ठेवली. गाडीच्या टपावर निंबोळ्या पडत राहिल्या.

किसनराव भुयार एस.टी.त चौतीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यातली निम्मी नोकरी मुक्कामी गाडीवर गेली. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन एखादं गाव गाठायचं, गावच्या पारापाशी गाडी लावायची, गाडीतच निजायचं आणि पहाटे गावातली माणसं घेऊन परत निघायचं. चतुराबाईंनी नवऱ्याच्या त्या रात्री कधी पाहिल्या नाहीत. त्यांच्या वाट्याला त्याच रात्रींची दुसरी बाजू आली होती. दाराला आतून कडी, दोन लेकरं दोन बाजूंना आणि मधोमध आपण.

मग दोन वर्षांपूर्वी किसनरावांच्या डोक्यातून एकेक गोष्ट उतरून जाऊ लागली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, नंतर रस्ते गेले. यंदा गणपतीच्या दिवसांत एका सकाळी चहाचा कप हातात घेत ते चतुराबाईंना म्हणाले, "बाई, नितेशची माय दिसून नाई राहिली. कुठी गेली?"

चतुराबाई स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "माहेरी गेली. भातकुलीले. येते म्हने."

"तब्येत बरी हाये ना तिची?"

"बरी हाये."

त्या दिवसापासून त्या 'बाई' झाल्या आणि त्यांना 'तुमी' म्हटलं जाऊ लागलं.

नाव गेल्याचं दुःख त्यांनी गिळलं, पण झोपेचं काही करता येईना. घरातल्या पलंगावर किसनराव टेकतच नसत. "माही गाडी कुठी लावली?" म्हणत उठायचे, कडी काढून चालू लागायचे. एकदा ते राजापेठेत सापडले. शिकवणीहून सुटलेल्या पोरापोरींच्या स्कूटरांच्या गर्दीत, रस्त्याच्या मधोमध उभं राहून ते हातानं सगळ्यांना बाजूला व्हायला सांगत होते, कारण त्यांना गाडी रिव्हर्स घ्यायची होती. शेजारच्या ओमप्रकाशनं ओळखलं म्हणून घरी आणलं. त्याच संध्याकाळी अंगणात पाऊल टाकताना त्यांची नजर निंबाखालच्या गाडीवर गेली. जवळ जाऊन त्यांनी पुढच्या टायरवर लाथ मारून हवा पाहिली, दार उघडलं, आत चढले आणि सकाळपर्यंत निजले.

तेव्हापासून रात्र गाडीतच. आणि ते एकटे कसे राहतील, म्हणून चतुराबाईही गाडीतच.

पावसाळा सरेपर्यंत ठीक होतं. थंडी पडली तेव्हा गाडी म्हणजे काय ते चतुराबाईंना कळलं. पत्रा दिवसभराचं ऊन तासाभरात सोडून देतो आणि मग बाहेरची थंडी ओढून घेतो. पहिल्या रात्री दोन रजया घेऊनही खालून गार लागत होतं. मग त्यांनी फरशीवर बारदान अंथरलं, त्यावर जुन्या गाद्या टाकल्या. माहेरच्या वावरातला कापूस घरात होताच. त्याची रुई पिंजून आणून त्यांनी प्रत्येक काचेच्या मापाची एकेक जाड रजई शिवली. निळ्या पडद्यांच्या आतून त्या रजया बांधल्या की गाडीत बाहेरचा आवाजसुद्धा येईना. पण सगळं गच्च बंद केलं की पहाटे छतावरून थेंब पडायचे, अंथरूण ओलं व्हायचं. ते आपल्याच श्वासाचं पाणी आहे हे समजायला त्यांना आठवडा लागला. मग बेसिनवरची बारकी काच त्या बोटभर उघडी ठेवू लागल्या. पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी, आणि घरातून वायर ओढून आणलेला छोटा हीटर. एवढं जमलं की दिवा मालवायचा.

त्या अंधारात पडल्यावर त्यांना कधीकधी वाटायचं, गाडी खरंच चालली आहे. कापसानं भिंती मऊ झालेल्या, आवाज नाही, उजेड नाही. निंबाची फांदी टपावर घासली की रस्त्यावरचं झाड घासून गेल्यासारखं. किसनराव झोपेतून विचारायचे, "कोन्तं गाव?" आणि त्या सांगायच्या, परतवाडा, अंजनगाव, अकोट. त्यातलं एकही गाव त्यांनी रात्री पाहिलेलं नव्हतं.

अकोल्याला दिलेली मुलगी, वर्षाली, हे ऐकून चिडायची. "आई, तू पासष्ट वर्षांची हायेस. पत्र्याच्या डब्यात काहून निजून राहिली? माझ्याकडे या दोघंही."

"तुह्या घरी तिसऱ्या माळ्यावर गाडी चढते का?"

"मस्करी नको करू. या रविवारी मी येऊन राहिली. यांनाही घेऊन येतो. बाबाले आता घरात निजायची सवय लावाच लागन."

चतुराबाईंनी फोन ठेवला. रविवारला तीन दिवस होते. आणि फोन आला त्याच दिवशी, दुपारपासून, वारा फिरला.

संध्याकाळी ओमप्रकाश कुंपणावरून म्हणाला, "काकू, आज लय कडक पडन. मोबाइलवर दाखवून राहिले, सात डिग्री. शेगडी घ्या ना आत, मस्त गरम होते."

"हीटर हाये ना बाप्पा."

रात्री अकराच्या सुमारास लाईन गेली. हीटरची तांबडी तार हळूहळू काळी पडली. चतुराबाईंनी वाट पाहिली. अर्धा तास झाला, तास झाला. पिशवीतलं पाणी कोमट झालं. शेजारी किसनरावांचे दात वाजू लागले, तेव्हा त्या शाल गुंडाळून घरात गेल्या. शेगडीत कोळसे पेटवले, वरचा धूर जाऊन निखारे लाल होईपर्यंत पंखा हलवला आणि शेगडी फडक्यात धरून गाडीत आणली. दाराशेजारी, बारदान मागे सारून, एका परातीत ठेवली. दार ओढून घेतलं. वाऱ्याची सुरी त्या बोटभर फटीतून आत येत होती, म्हणून बेसिनवरची काचही लावून टाकली.

ऊब आली. पहिल्यांदा गालांना, मग बोटांना. निखाऱ्यांच्या उजेडात रजयांवरची फुलं तांबूस झाली. किती दिवसांनी अंग सैल पडत होतं. डोकं जरा जड वाटलं, पण झोप तशीच येते, असं त्यांना वाटलं. आईच्या घरचा कापसाचा ढीग त्यांना दिसू लागला. त्या लहान होत्या आणि त्यात मानेपर्यंत बुडून बसल्या होत्या, आणि कोणी तरी लांबून हाका मारत होतं.

"बाई! ओ बाई! उठा!"

हाक त्या ढिगातली नव्हती. किसनराव उभे होते. त्यांचा आवाज वेगळाच होता. कित्येक वर्षांत न ऐकलेला, पन्नास माणसांच्या गलक्यावरून मागच्या सीटपर्यंत पोचणारा.

"हे कोनं आनलं गाडीत?"

"थंडी होती जी..."

"थंडी असन, पन गाडीत विस्तव नाई चालत. उतरा खाली आधी."

त्यांनी दार सताड उघडलं, चतुराबाईंना दंडाला धरून उतरवलं, मग फडक्यानं परात उचलून शेगडी पार तुळशीपलीकडे नेऊन ठेवली. परत येऊन त्यांनी गाडीच्या सगळ्या काचांवरच्या रजया सोडल्या, काचा सरकवल्या. हात भराभर चालत होते, एकदाही अडखळले नाहीत. चतुराबाई निंबाच्या बुंध्याला धरून उभ्या होत्या.  गार वारा नाकातोंडात गेला तसं आभाळ हळूहळू जागेवर आलं. चांदण्या इतक्या होत्या की निंबाची पानं काळी दिसत होती.

"डोकं दुखते का?" किसनरावांनी विचारलं.

"थोडं."

"लांब श्वास घ्या. अजून. हं." ते शेजारी उभे राहिले. "घाटाखाली एक ट्रक उभा राह्यला होता बाई, मी मुक्कामी होतो तवा. दोघं जन होते आत. ड्रायव्हर अन् त्याचा भाऊ. शेगडी घेऊन निजले, काचा लावून. सकाळी मी चहाले उठवाले गेलो. दार मीच उघडलं." त्यांनी गाडीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. "तोंडावर काहीच नव्हतं. नुसती झोप होती."

चौतीस वर्षांत चतुराबाईंनी हे कधी ऐकलं नव्हतं.

"घरी नाई सांगितलं तुमी?"

"घरी काय सांगता! मंडळी एकटी रायते लेकराईले घेऊन. हे आयकलं असतं तं मी मुक्कामी गेलो का रातभर जागी राह्यली असती."

"तशीबी जागीच असन ती," चतुराबाई म्हणाल्या.

किसनराव जरा हसले. "असन. सकाळी घरी गेलो का डोळे लाल रायते तिचे. म्हनते, चुलीचा धूर गेला." मग हळूच म्हणाले, "मीबी काही म्हनत नाई."

चतुराबाईंनी निंबाची साल नखानं खरवडली. इथे, याच क्षणी, सांगून टाकावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. अहो, मीच ती. पण ते सांगितलं असतं तर त्यांच्या चेहऱ्यावर ती नेहमीची घाबरी, हरवलेली नजर परत आली असती. आणि आत्ता समोर जो माणूस उभा होता त्याला सगळं ठाऊक होतं. गाडी कुठे लावायची, वारा कुठून येतो, बाईमाणसाला कसं सांभाळायचं. त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली.

"चला, बसा आता. गाडी मोकळी झाली."

आत गेल्यावर किसनरावांनी काचा लावल्या, पुढची काच सोडून बाकीच्यांवर रजया पुन्हा बांधल्या आणि बेसिनवरची काच मोजून बोटभर उघडी ठेवली. "इतकी पायजेच," त्यांनी बजावलं. कोपऱ्यातलं एक रिकामं पोतं झटकलं. "पाय घाला यात. लाजू नका, सगळे असेच निजतात." त्यांनी पोतं गुडघ्यापर्यंत ओढून दिलं, वरून रजई टाकली. टेबलावरचं वर्तमानपत्र उलगडून त्याच्या दोन घड्या केल्या. "हे शालीच्या आतून छातीले लावा. कागदातून वारा नाई जात." अंगातला कोट काढून तोही त्यांनी वरून घातला.

"अन् तुमी?"

"मी पुढं बसतो. पॅसेंजर असलं का मले झोप नाई येत." त्यांनी स्वतःभोवती गोधडी गुंडाळली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. हात स्टिअरिंगवर ठेवले. "निजा तुमी बिनघोर. गाव आलं का मी आवाज देतो."

चतुराबाई पडून राहिल्या. त्यांना जागंच राहायचं होतं. किसनरावांना थंडी वाजत असेल, पाहायला हवं. पण पोत्यात पाय ऊब धरू लागले. कागद छातीवर बारीक कुरकुरत होता. पुढच्या काचेत किसनरावांचं डोकं आणि खांदे दिसत होते, ताठ, किंचित डावीकडे झुकलेले. इतकी वर्षं ज्या माणसाची रात्री वाट पाहिली, तो रात्री असा दिसत असे तर. फांदी टपावर घासली. शेतं जाऊ लागली, वेचणीला आलेली, दोन्ही बाजूंनी पांढरी, चांदण्यात दूरपर्यंत. कुठे एखादा दिवा येई आणि मागे पडे. कोणी उठवत नव्हतं, कोणाला उठवायचं नव्हतं. गाडी चालवणारा जागा होता.

फोन वाजला तेव्हा पुढच्या काचेतून उजेड आत आला होता.

"आई!" वर्षालीचा आवाज घाबरा होता. "किती वेळची फोन करून राहिली! ओमप्रकाशदादा म्हणाला, रातभर लाईन नव्हती. कसे आहात तुम्ही?"

"निजली होती."

"आतापर्यंत? साडेसात वाजले. तू तर पाचला उठतेस."

"व्हय. डोळा लागला."

"आई, मी रविवारची वाट नाही पाहत. आजच येतो घ्यायला."

चतुराबाईंनी पुढे पाहिलं. किसनराव गोधडी बाजूला ठेवून तळहातानं पुढच्या काचेवरचा ओलावा पुसत होते.

"ये," त्या म्हणाल्या. "पन घ्यायले नको येऊ. राहाले ये. हिवाळा सरेपर्यंत आमी कुठी नाई येत."

"अन् बाबाले काही झालं म्हणजे?"

"त्याईले काय होते! रातभर त्याईनंच सांभाळलं मले."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि वर्षाली म्हणाली, "बरं."

किसनराव सीटवरून उतरून वळसा घालून मागच्या दाराशी आले. त्यांनी दार उघडलं. अंगणात धुकं होतं. घर, तुळस, कुंपण, सगळं त्यात पुसट झालं होतं. कुठलंही गाव असू शकलं असतं.

"आलं गाव, बाई," ते म्हणाले. "सांभाळून उतरा. पायरी वल्ली हाये."

त्यांनी हात पुढे केला. चतुराबाईंनी तो धरला. हात बर्फासारखा गार होता आणि पकड घट्ट होती. त्या खाली उतरल्या. पाय जमिनीला नीट टेकले, तोवर त्यांनी हात सोडला नाही.

मग किसनराव वाकून गाडीत डोकावले. मागच्या पलंगापासून पुढच्या सीटपर्यंत एकदा पाहिलं, कोणी आत राहिलं तर नाही. आणि हळूच, आवाज होणार नाही असं, दार लावून घेतलं.