फळ्यामागची चिठ्ठी

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण शाळेतला नव्हे. माझ्यावर कुणी पाढे लिहिले नाहीत की फुलापानांची चित्रं काढली नाहीत. औंधाच्या पलीकडे, वडूजच्या रस्त्यापासून थोडं आत, माळावर एक वाडी आहे. तिथल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चौकाकडे तोंड करून मी टांगलेला आहे. गावाला जे कळायचं ते माझ्यावरून कळतं, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो.

अर्जुना सुतारानं सागाच्या चार फळ्या जोडून मला बनवलं. काळा रंग दिला, चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या आणि वर पावसासाठी पत्रा लावला. "वाचणाऱ्याची मान दुखाय नगं," असं म्हणून त्यानं मला जरासा पुढे झुकवून टांगलं. त्यामुळे माझ्या आणि भिंतीच्या मध्ये वरच्या बाजूला दोन बोटांची फट राहिली. त्या फटीबद्दल मला तुम्हाला सांगायचंच आहे. थोडं थांबा.

माझ्यावर लिहिण्याचं काम शिपाई जोतीरामचं. त्याचं अक्षर मोठं आणि टपोरं. हिवाळा आला की आम्हा दोघांना उसंत नसे. शेतीची वीज या आठवड्यात दिवसा की रात्री, कालव्याचं पाणी कुठल्या तारखेला सुटणार, जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस कधी, औंधाच्या यमाईच्या जत्रेला जादा एसटी किती वाजता, हे सगळं माझ्यावर यायचं. सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन चाललेली माणसं माझ्यापुढे घटकाभर थांबत. तोंडातून वाफा काढत वाचत आणि एकमेकांना चिडवत.

"वीज दिवसाची हाय गड्या, आता रातचं बाहीर पडायला निमित न्हाई तुला!"

मला हे ऐकायला फार आवडायचं.

आमच्या गावाची एक रीत आहे. गावात कुणी वारलं की आधी मला ओल्या फडक्यानं पूर्ण पुसायचं आणि मग फक्त त्या माणसाचं नाव आणि सावडण्याची वेळ लिहायची. सावडणं होईपर्यंत माझ्यावर दुसरं एक अक्षर लिहायचं नाही. गेलेल्या माणसाच्या नावाशेजारी लशीच्या आणि विजेच्या गोष्टी नकोत, असं जुनी माणसं म्हणत. त्या दिवसांत माझ्यासमोरून जाणारा प्रत्येक जण पाऊल हळू टाकी. कुणी चप्पल काढून हात जोडी. ते हात नावाला जोडलेले असत, मला नव्हे, हे मला ठाऊक होतं. तरीही मला मोठं झाल्यासारखं वाटे. आज हे सांगताना शरम वाटते, पण सांगतो.

आता भामाबाईंबद्दल ऐका.

भामाबाई सत्तरीच्या. त्यांचा मुलगा कोंडीबा आणि सून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला जातात आणि चैत्रात परततात. तोवर भामाबाई घरी एकट्या. बाभळीचा काटा लागून त्यांचा उजवा डोळा फार पूर्वी गेला. उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "आजी, हा पिकलाय. हा हिवाळा जाऊ देऊ नका." मग साताऱ्याच्या दवाखान्यात डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर ठरलं. ज्यांची नावं घेतली होती त्यांना न्यायला मंगळवारी सकाळी आठ वाजता दवाखान्याची गाडी चौकात येणार होती. जोतीरामनं ते माझ्यावर चांगलं दोन ओळींत लिहिलं.

भामाबाईंना वाचता येत नाही. पण त्या रोज काठी टेकत यायच्या आणि माझ्याजवळ तोंड नेऊन उभ्या राहायच्या.

"जोतीराम, माझ्या डोळ्याची गाडी हाय न्हवं रं अजून फळ्यावर?"

"हाय की आक्का. कुठं पळून जातीया?"

"तुझ्या फडक्याचा भरवसा न्हाई बाबा."

आणि दोघं हसायचे.

शनिवारी पहाटे नानासो गेले. फौजेतून सुभेदार होऊन आलेला, सगळ्या गावाच्या उपयोगी पडणारा माणूस. जोतीराम डोळे पुसतच आला. त्यानं फडकं ओलं केलं आणि मला वरपासून खालपर्यंत पुसलं. वीज पुसली, पाणी पुसलं, भामाबाईंच्या दोन ओळी पुसल्या. नानासोंचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, सावडणे सोमवारी सकाळी आठ वाजता.

त्याच संध्याकाळी क्रांती घाईघाईनं आली. ती आमची आशाताई. आसपासच्या तीन वाड्यांतली बाळंतपणं, लशी, गोळ्या, सगळं तीच बघते. तिची दीड वर्षाची लेक तापानं फणफणली होती. तिला कडेवर घेऊन, पदरानं झाकून ती उभी होती. शिबिराचा दिवस बदलल्याचा निरोप तिला दुपारी आला होता. मंगळवारऐवजी सोमवार, वेळ तीच. तिनं तो लगेच गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकला होता. पण त्या दिवशी ग्रुपवर नानासोंचे फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' यांची रांग लागली होती. तिच्या तीन ओळी त्याखाली कधीच दडपून गेल्या होत्या. म्हणून तिनं वहीचं पान फाडून त्यावर लिहून आणलं होतं.

"जोतीरामभाऊ, एवढं फळ्यावर लिवा. शिबिराचं हाय."

"शिबिराचं म्हायती हाय की मला. मीच लिवलं हुतं."

"आवं, पण त्यातली तारीख..."

तेवढ्यात पोरीला उलटी झाली. क्रांतीचा खांदा भरला. कोपऱ्यावर रहिमतपूरला जाणारी जीप हॉर्न वाजवत होती.

"जा गं बाई, आधी पोरीला बघ," जोतीराम म्हणाला.

"वाचा मात्र!" असं ओरडून ती धावत सुटली.

जोतीरामनं चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. नानासोंच्या नावाखाली शिबिर कसं लिहायचं? सोमवारी सावडणं उरकलं की लिहू, असं त्याला वाटलं असणार. त्यानं ती चिठ्ठी न उघडताच आणखी एक घडी घातली आणि माझ्यामागच्या फटीत सारली.

ती माझ्या पाठीला टेकून राहिली. मी लाकूड आहे, मला बोलता येत नाही, हे खरं. पण तेव्हा मला बोलावंसंसुद्धा वाटलं नाही. माझ्यावर फक्त एकच नाव होतं आणि अख्खं गाव माझ्यापुढे हात जोडत होतं. मी त्यातच खूश होतो.

रविवारी भामाबाई आल्या.

"काय लिवलंय रं?"

"नानासोंचं सावडणं, आक्का. उद्या आठ वाजता."

"चांगला माणूस गेला. आन् माझी गाडी?"

"मंगळवारी. परवा. तुमी निवांत ऱ्हावा."

त्या निवांत राहिल्या. चिठ्ठी माझ्या पाठीशी होती आणि चुकीचं उत्तर माझ्या तोंडासमोर दिलं जात होतं.

सोमवारी गावात पांढरं धुकं होतं. झाडून सगळे ओढ्याकाठी सावडायला गेले होते, भामाबाईसुद्धा. चौकात मी एकटा. आठला पांढरी गाडी आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, खाली उतरला, हात चोळत फेऱ्या मारल्या आणि पुन्हा वाजवला. अर्धा तास तो असा वाजवत होता. शेवटी ओढ्याकडून नानासोंचे चुलतभाऊ लालासाहेब धोतर सावरत तावातावानं आले.

"आवं, तकडं कावळा शिवंना झालाय आन् तुमी हितं भोंगा लावलाय! माणुसकी हाय का न्हाई?"

"शिबिराची गाडी हाय, दादा. डोळ्याची माणसं न्यायला आलोय."

"शिबिर उद्या हाय."

"आज हाय. मला आजचंच सांगितलंय."

"आवं, आमच्या फळ्यावर तरी हाय का? बघा की. आमच्या गावात फळ्यावर आल्याबिगर काय हुत न्हाई!"

ड्रायव्हर माझ्यासमोर आला. त्यानं मला वाचलं. माझ्यावर नानासोंच्या नावाशिवाय काही नव्हतं. त्यानं डोक्यावरची माकडटोपी काढली, हात जोडले आणि गाडीत बसून निघून गेला.

मित्रांनो, इतकी वर्षं ज्या नमस्कारानं मी सुखावत होतो, तोच तो नमस्कार. त्यानंतर आजपर्यंत कुणी माझ्यासमोर हात जोडले की मला नको वाटतं.

नंतर माणसांच्या बोलण्यातून कळलं की ओढ्याकाठी भामाबाईंनीही तो हॉर्न ऐकला होता. "कुणाची गाडी वरडतीया गं?" असं त्यांनी शेजारणीला विचारलं होतं. शेजारीण म्हणाली होती, "असंल कुणाची तरी." लालासाहेबही पुन्हा विधीला लागले आणि गाडीचं कुणाला सांगायचं विसरूनच गेले.

मंगळवारी त्या सात वाजताच येऊन माझ्याखालच्या कट्ट्यावर बसल्या. धुवट नऊवारी, खांद्यावर घोंगडी, हातात कपड्यांचं गाठोडं आणि वाटेत खायला भाकरी. नऊ वाजले. नावं दिलेले आणखी दोघं आले आणि वाट बघून घरी गेले. दहा वाजले. जोतीराम आला आणि चकित झाला.

"गाडी न्हाई आली अजून?"

मग त्यानं मला पुसलं, खडू घेतला आणि फटीतून चिठ्ठी काढून उघडली. वाचता वाचता तो त्यांच्या शेजारीच खाली बसला.

"काय झालं रं? कुणी गेलं का आनखी?"

"न्हाई आक्का. गाडी काल यिऊन गेली. माझं चुकलं. लय मोठं चुकलं."

भामाबाईंनी गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझं कसलं? मलाच वाचता येत न्हाई, माझंच चुकलं."

त्या त्याला एक शब्द वाईट बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. जोतीरामलाही, मलाही.

क्रांतीनं दवाखान्यात फोन करून विचारलं. पुढचं शिबिर फाल्गुनात. "मी न्हेतो साताऱ्याला, माझ्या फटफटीवर," जोतीराम म्हणाला. "पडून हातपाय मोडून घ्यायला? कोंडीबा येऊ दे, मग बघू," असं म्हणून त्यांनी गाठोडं उचललं. जोतीरामनं दोनदा आग्रह केला. मग मतदारयादीचं काम निघालं, ग्रामसभेची तयारी आली, आणि त्याचा आग्रह मागे पडला. क्रांतीही लेकीच्या आजारपणात अडकली. मी मात्र कशातच अडकलो नव्हतो. भिंतीवर होतो तसाच होतो.

पौषातल्या कडाक्यात चार दिवस भामाबाई चौकात दिसल्या नाहीत. पाचव्या दिवशी क्रांती त्यांच्या घरी गेली. डोळा लालभडक झालेला, कपाळाला फडकं करकचून बांधलेलं, ठणक्यानं अन्न गेलेलं नव्हतं. तिनं तिथूनच गाडी बोलावली आणि त्यांना साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, ठणका थांबवला. पण मोतीबिंदू आत फुगला होता, डोळ्यावर दाब आला होता. "महिनाभर आधी आणायला हवं होतं," ते क्रांतीला म्हणाले. आता त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. माणूस कळत नाही.

परत आल्यावर क्रांती त्यांना हाताला धरून चौकात घेऊन आली. तिची लेक कडेवर होती. "मी सवता तुमच्या घरी यायला पायजे हुतं, आक्का. दारावरनंच तर जीप गेली," ती म्हणाली आणि रडू लागली. भामाबाईंनी चाचपडत आधी पोरीचं कपाळ शोधलं. "ताप उतरला न्हवं हिचा? मग झालं तर."

त्या दिवसापासून जोतीराम माझ्यावर जे लिहितो ते मोठ्यानं वाचूनही दाखवतो. चौकात एकच माणूस असलं तरी वाचतो. भामाबाई कट्ट्यावर बसून ऐकतात.

माघात म्हातारे जोतिबा गेले. माझ्यावर तेव्हा पोलिओच्या डोसाची सूचना होती. रविवार, अंगणवाडी, पाच वर्षांखालची सगळी बाळं. जोतीराम ओलं फडकं घेऊन आला. मागे लालासाहेब उभे होते.

"पूस की. कशाची वाट बघतोस?"

फडक्यातून पाणी गळत होतं. जोतीराम हलला नाही. मग त्यानं फडकं कट्ट्यावर ठेवलं, खडू घेतला आणि उरलेल्या जागेत, पोलिओच्या खाली, जोतिबांचं नाव नीट लिहिलं.

"आरं, ही काय रीत झाली?" लालासाहेब चिडले. "गेलेल्या माणसाला जरा तरी मान हाय का न्हाई?"

जोतीरामनं नेहमीसारखं वाचायला सुरुवात केली. आधी रविवार आणि डोस, मग जोतिबा आणि सावडणं. लालासाहेब आणखी काही बोलणार होते, पण कट्ट्यावरून भामाबाई म्हणाल्या, "आदी पोरांचं वाचलंस. बरं केलंस बाबा."

लालासाहेबांनी जोतिबांच्या नावाला हात जोडले. मग वरच्या ओळीकडे पाहत म्हणाले, "माझ्या नातवाला न्ह्यायचं हाय. किती वाजता म्हनलास?"

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा जरा हलकं वाटलं. पण डोळा परत आला नाही. तो येणार नाही. भामाबाई अजून म्हणतात की चूक त्यांचीच, आणि त्यांना खरं सांगायला मला तोंड नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या गावातही कुठंतरी असा फळा असेल. त्याच्यापुढे कुणी म्हातारं माणूस नुसतंच बघत उभं असेल, तर त्याला ओलांडून पुढे जाऊ नका. थांबा, सगळं वाचून दाखवा आणि त्याला कळलं का, ते विचारा. आणि कुणी तुमच्या हातात चिठ्ठी दिली तर ती लगेच उघडा. कितीही घाई असो, कितीही मोठं दुःख घरात असो, उघडा आणि ज्याची असेल त्याच्या दारापर्यंत पोचवा. आमच्यासारख्यांच्या भरवशावर ठेवू नका.