बॉयलर-खोलीचं झाकण

आखातातल्या मुसफ्फाच्या जहाजदुरुस्ती यार्डात, कोरड्या गोदीत टेकूंवर उभी असलेली ती गंजलेली विनाशिका कधीकाळी महायुद्धात लढली होती, हे सांगूनही खरं वाटलं नसतं. सुपरवायझर राजनला मात्र तिची सगळी कारकीर्द तोंडपाठ होती. पाणतीर लागून बॉयलर-खोलीत समुद्र शिरला, तेव्हा आतली माणसं जिवंत असतानाच कप्तानाने वरचं झाकण बंद करायला लावलं. जहाज तरलं, आणखी लढाया लढलं, दुसऱ्या देशाच्या नौदलात नाव बदलून म्हातारं झालं आणि आता त्याचं म्हणे हॉटेल होणार होतं. "इसी ढक्कन ने शिप बचाया," राजन कौतुकाने सांगायचा. आतल्या माणसांची नावं त्यालाही ठाऊक नव्हती.

दौलतला ते ऐकवत नसे, कारण त्याच झाकणापाशी त्याची ड्यूटी होती आणि खाली गंज खरवडायला त्याचा मेहुणा नीलेश उतरायचा. दौलत वरून अधूनमधून हातोडीने ठोका द्यायचा, आतून उलट ठोका आला की त्याच्या जिवात जीव यायचा. "माझ्या भावाला जपा, दुसरं काही मागत नाही," असं दर्शनाने, त्याच्या बायकोने, निघताना रडत बजावलं होतं.

त्या दिवशी भर दुपारी उन्हामुळे काम थांबवायची सुट्टी झाली. राजन "यल्ला, ढक्कन बंद करो" म्हणून निघून गेला. नीलेश घामाने निथळत वर आला. दौलतने निव्वळ सवयीने हातोडी ठोकली.

आतून उत्तर आलं.

तो नीलेशकडे वळला. "खाली कोण आहे रे?"

"कुणी नाही, दाजी. बंद करा."

तेवढ्यात खालून खळखळ ऐकू आली आणि मागोमाग आवाज आला, "दाजी, पाणी चढतंय! थांबा, मी येतोय!"

आवाज नीलेशचा होता. शेजारचा नीलेश शांतपणे म्हणाला, "बंद करा. नाहीतर जहाज जाईल."

दौलतने एकदा खाली, एकदा शेजारी पाहिलं. कुणाचं ऐकावं ते कळेना. डोळ्यांना दिसतोय तोच आपला, असं मनाशी घोकत त्याने झाकण लोटलं. नीलेशने सराईत हातांनी झाकणाचं चक्र आवळलं. खालून ठोके येत राहिले, मंदावले, थांबले.

दौलतने नीलेशला मिठी मारली. "चल, आधी तुझ्या आक्काला फोन लावू."

नीलेशने कपाळावरचा घाम पुसला.

"आक्का कोण?"