फिनलेचा खडक

सरकारी नकाशावाले आमच्या किनाऱ्यावर आले आणि डबक्याडबक्याचं नाव विचारत सुटले. गावाची करमणूक झाली. मला मात्र हसू आलं नाही. माझा थोरला फिनले ज्या खडकावर बोट फुटून बुडाला, त्याला सगळा गाव फिनलेचा खडक म्हणू लागला होता. प्रेत सापडलं नाही, म्हणून कबर नाही. म्हटलं, निदान नकाशावर तरी पोराचं नाव राहील.

नकाशावाल्यांचा लष्करी हवालदार तसा भला माणूस. आमची गेलिक भाषा मोडकीतोडकी बोलायचा. माझ्याकडचं ताक पिऊन म्हणाला, "बाई, खडक आधी डोळ्यांनी बघतो, मग लिहितो." माझा नवरा टॉर्किल त्याला बोटीतून घेऊन गेला. वल्ह्यावर धाकटा मर्डो होता.

तिथंच घात झाला. खडक दिसताच हवालदारानं विचारलं, "याचं नाव काय?" पाण्यावर असताना बुडालेल्याचं नाव घ्यायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. समुद्रानं नाव ऐकलं, की तो नाव घेणाऱ्याच्या बोटीतला आणखी एक मागतो. टॉर्किलनं विषय टाळला. हवालदार काही सोडेना. शेवटी टॉर्किल म्हणाला, "तो... तिकडचा."

आणि त्या शहाण्यानं तेच लिहून घेतलं!

काठाला लागल्यावर टॉर्किलनं खरं नाव सांगितलं. हवालदार म्हणाला, "आता बदलायचं तर गावातल्या वजनदार माणसाची सही लागेल." जमीनदाराच्या कारभाऱ्यानं मला दारातूनच हाकललं. मग मी पाद्रीबाबांकडे गेले आणि झालं ते सगळं सांगितलं.

"मार्सली, बोटीत नवऱ्यानं एक सांगायचं आणि काठावर बायकोनं दुसरं," ते म्हणाले. "सही कशावर करू? आणि समुद्राला कान असतात, हे मी कधी शिकवलं तुम्हाला?"

"बाबा, त्याचा बाप्तिस्मा तुम्हीच केलात. नाव तुम्हीच ठेवलंत."

"पोराला ठेवलं होतं, बाई. दगडाला नाही."

घरी आले ती पेटूनच. टॉर्किल जाळं सांधत बसला होता.

"मूग गिळून बसला होतात का? पोटच्या पोराचं नाव, एकदा, नुसतं एकदा घेता आलं नाही तुम्हाला?"

त्यानं मान वर केली नाही. "ओठांवर आलं होतं गं. तेवढ्यात मर्डोनं वल्हं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि तो गेल्यावर हातात काहीच उरलं नाही.

नकाशा छापून आला. त्यावर 'तिकडचा' असंच आहे म्हणतात. मर्डो आता रोज त्याच पाण्यातून मासेमारीला जातो, आणि तो परत येईपर्यंत मी घरात बसूनसुद्धा थोरल्याचं नाव घेत नाही.