बोल्टाखालचा निळा रंग

आमच्या ह्यांना उघडं लोखंड बघवत नाही. आयुष्य पिंपरीच्या एका कारखान्यात, पेंट शॉपमध्ये गेलं. रिटायर झाले तरी हात शिवशिवतातच. खिडकीचे गज झाले, गॅलरीची कडी झाली; शेजारच्या प्रेमलाबाईंच्या फाटकालाही न विचारता रंग देऊन आले. वर म्हणाले, "गंजत होतं."

मग त्यांनी एक जुनी मॅटाडोर घेतली. आत पलंग, ओटा, पंखा, दिवे, आणि या सगळ्यासाठी इंजिनच्या बॅटरीशिवाय वेगळी एक बॅटरी. बाहेरून निळीशार! या गाडीतून आम्ही दोघं बुद्धगयेला जाणार होतो. वाटेल तिथे थांबायचं, चहा करायचा, झोपायचं. जन्मभर ह्यांनी, म्हणजे नागोरावांनी, दुसऱ्यांच्या गाड्या रंगवून कारखान्याच्या फाटकाबाहेर पाठवल्या. आता गाडी आपली आणि आत आपण. साठीला टेकलेली बाई मी, पण भाजी चिरताना एकटीच खिदळायचे.

फक्त दिवे लागत नव्हते.

आमचा योगेश खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. शनिवारी तो मीटर घेऊन गाडीखाली शिरायचा. "आई, बॅटरी फुल आहे, वायरिंग ओके आहे. निगेटिव्हची वायर बॉडीला ज्या बोल्टने जोडलीय ना, तिथेच प्रॉब्लेम. करंटला परत यायला रस्ताच नाही." मग तो बोल्टाखालची जागा पॉलिशपेपरने घासायचा, बोल्ट आवळायचा, की झगझगाट! आम्ही टाळ्या पिटायचो. दोन दिवसांत पंखा पुन्हा मान टाकायचा.

असं बरेचदा झाल्यावर योगेशचं डोकं फिरलं. "हिच्या भरवशावर बिहारपर्यंत जायचं नाही. मार्केट यार्डातले एक व्यापारी गाडी मागतायत, कांद्यासाठी. रविवारी दुपारी येतील. तोपर्यंत दिवे टिकले तर ठेवा, नाहीतर देऊन टाकू."

माझ्या पलंगाच्या जागी कांदे! दोन दिवस मी पोराशी धड बोलले नाही.

शनिवारी त्यानं शेवटचं म्हणून घासून दिलं. रविवारी सकाळी बटण दाबलं, तर काळोख. मी पदर खोचला, टॉर्च घेतला आणि स्वतः गाडीखाली सरपटले. बोल्ट निळा होता, नवाकोरा. बोट लावलं, तर बोटही निळं.

"अहो! आधी इकडे या. हा बोल्ट कुणी रंगवला?"

"मी," वरून शांतपणे उत्तर आलं. "पोरगा दर वेळी घासून उघडा टाकून जातो. मी काढतो, दोन हात देतो, पुन्हा बसवतो. आज जरा ओलाच बसवला."

"बोल्टाच्या खालीसुद्धा?"

"खालीच तर गंज धरतो."

मी गाडीखालीच हसत सुटले. डोकं चॅसीवर आपटलं, तरी हसू थांबेना. "रंगातून करंट जात नाही हो, नागोराव! करंटचा रस्ता तुम्हीच बुजवताय!"

तेही सरपटत गाडीखाली आले. मी पॉलिशपेपर पुढे केला. त्यांनी घासायला घेतलं, पण चेहरा असा, जणू कुणाची कातडी सोलतायत.

"सत्यशीला, उघडंच ठेवायचं?"

"एका रुपयाएवढं. बुद्धगयेपर्यंत." बोल्ट घट्ट बसल्यावर मी टाचांना लावायचं व्हॅसलिन त्यावर वरून थापलं. "घ्या, आता गंजणार नाही."

व्यापारी आले तेव्हा भर दुपारी सगळे दिवे चालू होते, पंखा गरगरत होता आणि मी पलंगावर मांडी घालून चहा पीत होते. त्यांना गाडी फारच आवडली. "बसा, चहा घ्या," मी म्हटलं. "गाडी मात्र मिळणार नाही."

योगेश मीटर घेऊन खाली शिरला आणि नाकाला व्हॅसलिन लावून बाहेर आला. "परफेक्ट! पण बिघडत कशामुळे होतं?"

मी चहाचा कप तोंडाला लावला. नवऱ्याला पोरासमोर, परक्यासमोर उघडं पाडायचं माझ्या जिवावर आलं. तेवढ्यात नागोराव घरात गेले आणि निळ्या रंगाचा डबा नि ब्रश घेऊन आले. दोन्ही माझ्या मांडीवर ठेवले.

"माझ्यामुळे," ते योगेशला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हे तुझ्या कुलपात ठेव. वाटेत मागितलं तरी देऊ नकोस."

माझे डोळे भरून आले. तो ब्रश त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता. मी डबा प्रेमलाबाईंकडे नेऊन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

ब्रश मात्र मी बरोबर घेतला. रंगाशिवाय तो काय करणार? रात्री झोपताना त्यांच्या उशाशी ठेवते.